चौथा ग्लास

दूध करपल्याचा वास सगळ्यांना आला, वीरेंद्रला आला नाही. मंजूला आधी वाटलं, आपल्यालाच भास झाला. बरीच वर्षं झाली, तिला कुठलाही वास आला की ती पहिल्यांदा आजूबाजूच्यांचे चेहरे बघायची. वाशीमच्या भाड्याच्या खोलीत डाळ आंबल्यासारखी वाटली की वाटी घेऊन शेजारच्या हौसाबाईंकडे जायची, "मावशी, वास येऊन राह्यला ना?" म्हणून विचारायची, आणि त्या "येऊन राह्यला, फेक थे" म्हणाल्या की मगच डाळ टाकायची. आजही त्या सवयीनंच तिनं चेहरे पाहिले. दातांच्या डॉक्टरांनी रुमाल नाकाशी नेला होता. मेलबर्नला नोकरी करून परत आलेले, आता इकडे संत्र्याची बाग लावून बसलेले इंजिनिअरसाहेब ग्लास लांब धरून भटारखान्याच्या दाराकडे बघत होते. हॉटेलची मालकीण प्रियदर्शनी खुर्ची मागं सारत आचाऱ्यावर ओरडली, "प्रसेनजित, दूध लागलं ना बापा!" आणि त्या ओरडण्यानं वीरेंद्रनं मान वर केली. तोवर तो पहिल्या ग्लासात नाक घालून, डोळे मिटून बसला होता आणि त्याच्या कपाळावर एक आठीसुद्धा उमटली नव्हती. त्यानं दाराकडे पाहिलं, मग डॉक्टरांच्या रुमालाकडे, आणि मग आपलंही नाक मुरडलं. मंजूच्या हातातली बाटली तिरपी झाली. टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर लाल डाग पसरत गेला.

"असू दे, असू दे," प्रियदर्शनी म्हणाली, "चादर धुवाले टाकू. खिडक्या उघडा सगळ्या." खिडक्या उघडल्या तसा हरभऱ्याच्या शेतातला आंबट गारवा आत आला. संक्रांत होऊन गेली होती, दुपारचं ऊन अजून कोवळं होतं. शेलूबाजारच्या अलीकडे, समृद्धी महामार्गावरून उतरून वाशीमकडे वळलं की हे हॉटेल. प्रियदर्शनीचे वडील, चंपतभाऊ, वाशीमच्या बाजारात वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकायचे; तिनं लहानपणी सांबाराच्या जुड्या बांधल्या, मग खानावळ काढली, मग हे उभं केलं. नागपूर-मुंबईच्या मोटारीतले लोक थांबतात, वाईन विचारतात, म्हणून तिनं ठरवलं होतं की लाल वाईन एकच ठेवायची, पण ठेवायची ती पारखून. पाच ठिकाणच्या बाटल्या मागवल्या: कर्नाटकातली, फ्रान्सची, ऑस्ट्रेलियाची, नाशिकची, अकलूजकडची. सगळ्या दोन-तीन जातींची द्राक्षं मिसळून केलेल्या. पाचही कापडी पिशव्यांत झाकायच्या, म्हणजे नाव बघून कुणाचं मन बनायला नको. हे सगळं मांडायला तिला कुणीतरी जाणतं हवं होतं. तिची भाची वाशीमच्या कॉलेजात मंजूकडे सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती, तिनं सांगितलं की आमच्या मॅडम आधी नाशिकला वाईनच्या कंपनीत होत्या. मंजू पहिल्यांदा नाहीच म्हणाली होती. आपला त्या धंद्याशी आता संबंध नाही, आपलं नाक राहिलं नाही, असं काहीतरी. मग प्रियदर्शनीनं फोनवर बोलता बोलता सांगितलं की नाशिकच्या बाटलीवाले स्वतः येणार आहेत, आपल्या कारंज्याचेच आहेत, वीरेंद्र म्हणून, कंपनी सोडून त्यांनी स्वतःची वाईन काढली आहे. मंजूनं तारीख विचारून घेतली. मग म्हणाली, "येते मी, ताई."

आणि तिनंच सुचवलं होतं की शेवटी एक गंमत करू: वीरेंद्रसरांनी पाच ग्लासांमधून आपली वाईन ओळखून दाखवायची. पाहुण्यांना मजा येईल. प्रियदर्शनीला ते फार आवडलं. मात्र आज सकाळी भटारखान्यात एकटीनं बाटल्या झाकताना मंजूनं वीरेंद्रची बाटली उघडलीच नाही. गुळाच्या डब्यांमागं ठेवून दिली. चौथ्या पिशवीत तिनं ऑस्ट्रेलियाचीच दुसरी बाटली घातली. तिसऱ्या आणि चौथ्या ग्लासात एकच वाईन, आणि वीरेंद्रची कुठंच नाही. तिला भीती होती ती एकाच गोष्टीची. वीरेंद्रचं नाक. ते नाक चुकणारं नव्हतं. तो पाचही ग्लास हुंगेल, शांतपणे खाली ठेवेल आणि म्हणेल, यात माझी नाही. मग सगळे तिच्याकडे बघतील, आणि ती दुसऱ्यांदा त्याच्यासमोर उघडी पडेल. रात्रभर तिनं हा प्रसंग मनात इतक्या वेळा पाहिला होता की सकाळी उठली तेव्हा तो होऊन गेल्यासारखा वाटत होता. तरी ती आली होती. आणि आता दूध करपलं होतं आणि तो डोळे मिटून बसला होता.

ती डागावर मीठ टाकत राहिली आणि मनाशी म्हणाली, सर्दी असेल. थंडीचे दिवस आहेत. पण सर्दी झालेला माणूस असा बसत नाही. नाक ओढतो, घसा खाकरतो, कुणीतरी विचारण्याआधीच सांगून मोकळा होतो. आणि वीरेंद्र तर वासाच्या बाबतीत आजाऱ्यासारखा हळवा होता. नाशिकला कंपनीच्या चाखण्याच्या खोलीत कुणी केसाला तेल लावून आलं तरी तो त्याला बाहेर काढायचा. कारंज्याच्या सरकी-ढेपेच्या दुकानदाराचा मुलगा, ढेपेच्या पोत्यांवर झोपून वाढलेला; म्हणायचा, "त्या वासानंच माह्यं नाक घासून घासून धार लावली." मंजू कंपनीत नवीन लागली तेव्हा तो तिच्यावर साहेब होता. ती मंगरुळपीरकडच्या तांड्यावरची आहे हे कळल्यावर त्यानं सगळ्यांसमोर टाळी दिली होती, "अरे, ही तर आपल्या जिल्ह्याची पोट्टी!" चारचौघांत तो पुण्यासारखं बोलायचा, इंग्रजी बोलायचा; तिच्याशी एकटा असला की वऱ्हाडीत यायचा, आणि त्या परक्या गावात ते "मले-तुले" ऐकलं की तिला अंगावर घरची वाकळ घेतल्यासारखं वाटायचं.

होळीला तो एकदा तांड्यावर आला होता. तिचे आईवडील, गुलाबसिंग आणि नानीबाई, ऊसतोडीवरून सणापुरते परतले होते. गुलाबसिंग पोहरादेवीला डोकं टेकवणारा माणूस, त्यानं आयुष्यात दारूला बोट लावलं नव्हतं. मुलगी वाईन करण्याच्या कारखान्यात लागली हे ऐकून तो संध्याकाळी एवढंच म्हणाला होता, "करतीस तं कर. पण तोंडात घेतली की थुंकून देत जा." तिनं हे वीरेंद्रला सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला, कारण चाखणारे सगळे थुंकतातच. तांड्यावर त्यानं मांडी घालून बाटी खाल्ली, गुलाबकाका गुलाबकाका करत बापाच्या मागंमागं फिरला, आणि गुलाबसिंगनं आपली बाज त्याला दिली व स्वतः खाली झोपला. नंतर किती तरी दिवस बाप फोनवर आधी त्याचीच चौकशी करायचा.

तिला वासांची इंग्रजी नावं येत नसत. ब्लॅकबेरी तिनं कधी पाहिली नव्हती, सिडारचं लाकूड कसलं असतं ते ठाऊक नव्हतं. ती आपली जे यायचं ते सांगायची: सुकलेलं कवठ, जांभळाची साल, भाजलेल्या बिब्ब्याच्या फुलांचा वास. खोलीतले लोक हसायचे, वीरेंद्र हसायचा नाही. तो तिचा चेहरा बघत असायचा. ती ग्लास नाकाशी नेई तेव्हा तो समोर बसून तिच्या नाकपुड्या, तिच्या पापण्या, ओठाचा कोपरा बघायचा, आणि मग आपलं मत सांगायचा. तिला त्याचा वेगळाच अर्थ वाटला होता. त्या अर्थानं ती कित्येक रात्री कुशीवर वळून हसली होती. आज ते हसणं आठवलं तरी तिला घाण वाटायची.

मग ती टाकी. शिराज द्राक्षांच्या वाईनची मोठी टाकी, वीरेंद्रच्या ताब्यातली. मंजूला तिच्याजवळून जाताना नेलपॉलिशसारखा बारीक वास आला. तिनं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुले भास होऊन राह्यला." दोन दिवसांनी तिनं पुन्हा सांगितलं. तो कसल्या तरी लग्नाला जायच्या घाईत होता. टाकीचा शिरका झाला तेव्हा वरचे साहेब आले आणि विचारू लागले की कुणालाच आधी वास कसा आला नाही. मंजू म्हणाली, मला आला होता, मी सांगितलं होतं. वीरेंद्रनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. साहेबांना तो शांतपणे म्हणाला, "सर, ही रोजच काहीबाही सांगते. तिच्या सांगण्यावर किती विसंबायचं ते तुम्हीच बघा." आणि त्यानं सगळ्यांसमोर तिची परीक्षा मांडली. तीन ग्लास. दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कुठला ते सांग. अशी परीक्षा तिनं शंभरदा दिली असेल. तिनं पहिला हुंगला, दुसरा, तिसरा. तिन्ही एकच होते. तिच्या नाकानं स्वच्छ सांगितलं की तिन्ही एक आहेत. पण परीक्षा तर तशी नसते. परीक्षेत एक वेगळा असतोच. साहेब तिष्ठत होते, वीरेंद्र हाताची घडी घालून उभा होता, आणि तो आपला माणूस होता, तो खोटा प्रश्न कसा विचारेल. ती पुन्हा हुंगू लागली आणि हुंगता हुंगता तिला मधला जरासा वेगळा वाटू लागला. ती म्हणाली, "मधला." वीरेंद्रनं बाटली टेबलावर ठेवली. "तिन्ही याच बाटलीतले आहेत, सर." कुणीतरी फसकन हसलं. आणि मग त्यानं ते वाक्य टाकलं, अगदी मायेनं, जणू तिची बाजू घेतोय अशा आवाजात: "तिचा दोष नाही. तांड्यावर मोहाच्या दारूच्या वासात वाढलेलं नाक आहे."

तिनं नोकरी सोडली की तिला काढलं, हे तिला स्वतःलाही नीट सांगता येत नसे. घरी तिनं कारण सांगितलं नाही. गुलाबसिंग वर्षभर विचारत राहिला, "वीरेंद्र काय म्हनते?" आणि ती म्हणायची, बरा आहे. दारूला न शिवलेल्या माणसाच्या घराला त्यानं तो वास चिकटवला होता, त्याच माणसाच्या बाजेवर झोपून आलेल्यानं. पण रात्री जागवायचं ते हेही नव्हतं. जागवायचं ते "मधला" म्हणतानाचं आपलं तोंड. नाक खरं सांगत होतं आणि तिनंच नाकाला खोटं पाडलं. ते त्यानं तिच्याकडून करून घेतलं. त्यानंतर कुठलाच वास तिचा एकटीचा राहिला नाही.

खिडक्या बंद झाल्या. पाहुणे पुन्हा बसले. दुसऱ्या ग्लासाची वेळ होती, फ्रान्सची. सकाळी फ्रान्सची पहिली बाटली उघडली तेव्हा बुचाला बुरशी निघाली होती, वाईनला ओल्या, कुजलेल्या गोणपाटाचा वास मारत होता. मंजूनं तेव्हाही प्रसेनजितला बोलावून हुंगायला लावली आणि त्यानं तोंड फिरवल्यावर ती बाजूला ठेवून दुसरी उघडली. ती बिघडलेली बाटली अजून मोरीजवळ होती. मंजू भटारखान्यात गेली आणि एका ग्लासात त्यातली ओतून घेऊन आली. तो ग्लास तिनं वीरेंद्रसमोर ठेवला. बाकीच्यांना चांगल्यातली दिली. तो ग्लास फिरवून त्यानं उजेडात रंग पाहिला, कडेवरून ओघळणारे थेंब पाहिले. मग नाक आत घातलं, लांब श्वास घेतला. ते गोणपाट टेबलाच्या या बाजूला, उभ्या उभ्या तिच्या नाकात शिरत होतं. तिनं या वेळी कुणाच्याही चेहऱ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच वाटली नाही. "वा," वीरेंद्र म्हणाला, "हा जुन्या जगाचा हात आहे. फ्रान्स. शांत, खानदानी. मातीचा सुंदर वास." डॉक्टरांनी घाईघाईनं आपला ग्लास हुंगला आणि मान डोलावली.

तर हे असं होतं. वीरेंद्रला वास येतच नव्हता. सर्दी नव्हे, तो रंगावरून आणि ओघळांवरून बोलत होता, आणि बाकीचं लोकांच्या तोंडाकडे बघून उचलत होता. तिसऱ्या ग्लासाला तो आधी इंजिनिअरसाहेबांना बोलू द्यायला लागला, मग त्यांचंच म्हणणं गोल करून सांगू लागला. चौथ्याला त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेची तिला ओळख होती. नाशिकच्या खोलीत जिच्याखाली ती लाजली होती तीच ती नजर, आता जरा घाबरलेली. तिनं तोंड वळवलं. अजून नाही.

"आता सर," पाचवा ग्लास झाल्यावर प्रियदर्शनी हात चोळत म्हणाली, "आता तुमी तुमची वळखा. आमाले तं काई समजलं नाई, पन तुमचं लेकरू तुमाले समजनच." डॉक्टर हसले. वीरेंद्रही हसला, म्हणाला, "हा तर अन्याय आहे, ताई. लेकराच्या वासानं आई आंधळी होते." पण त्याचा हात ग्लासांवरून फिरताना कुठंच थांबत नव्हता. त्याला सांगता आलं असतं. आताही तो म्हणू शकला असता की मला वास येत नाही. चार माणसं चुकचुकली असती, कुणीतरी पाणी आणलं असतं, आणि मंजूच्या हातातून सगळं निसटलं असतं. ती वाट बघत होती आणि मनातल्या मनात म्हणत होती, नको सांगूस, नको सांगूस. तो म्हणाला, "मंजूमॅडम जाणकार आहेत. त्याही माझ्याबरोबर एकदा फिरवून बघतील का? परीक्षकाला साक्षीदार बरा." प्रियदर्शनी म्हणाली, "बघ ना वं मंजू."

मग मंजू त्याच्यासमोर बसली. पहिला ग्लास तिनं हुंगला आणि भुवई जराशी उचलली. दुसऱ्याला ओठ मिटले. तिसऱ्याला काहीच केलं नाही. त्याचे डोळे तिच्या नाकपुड्यांवर होते. चौथा ग्लास तिनं नाकाशी नेला, तिसऱ्यातलीच ती वाईन, उन्हात तापलेली, थोडी गोडूस. आणि तिनं आपला चेहरा सैल सोडला. पापण्या अर्ध्या खाली आणल्या, ओठाचा डावा कोपरा हलू दिला. कसा सोडायचा ते तिला शिकावं लागलं नाही. त्याच्यासाठी तो चेहरा एकेकाळी आपोआप व्हायचा. आता तो तिच्या हातात होता, आणि तिनं तो नेमका तसाच मांडला. ग्लास खाली ठेवताना तिनं हलकासा सुस्काराही टाकला.

"चौथी," वीरेंद्र म्हणाला. त्यानं चौथा ग्लास उचलून उंच धरला आणि त्याचा आवाज भरून आला, खरोखरच आला. "ही माझी. हिला मी कुठंही ओळखेन. बघा, आधी सुकलेलं कवठ येतं. मग जांभळाची साल. आणि अगदी मागं, शोधलं तरच सापडेल असा, भाजलेल्या बिब्ब्याच्या फुलांचा वास. हा आपल्या मातीतला वास आहे, ताई, हा फ्रान्सला मिळायचा नाही." डॉक्टरांनी टाळी वाजवली. मंजूनं उठून चौथी पिशवी सोडली. मग तिसरी सोडली. दोन्ही बाटल्या तिनं शेजारी शेजारी उभ्या केल्या, सारख्याच, एकाच चित्राच्या.

"चौथी ऑस्ट्रेलियाची आहे, सर," ती म्हणाली. "तिसरीच. तुमची बाटली आज उघडलीच नाही."

कुणी हसलं नाही. तिला वाटलं होतं कुणीतरी हसेल. इंजिनिअरसाहेबांनी दोन्ही ग्लास आळीपाळीनं हुंगले आणि आपणही काही ओळखलं नव्हतं हे लपवायला चष्मा पुसू लागले. वीरेंद्रनं उंच धरलेला ग्लास हळूच खाली आणला. बाटल्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्या पाहण्यात राग नव्हता. हिशेब लागल्यावर माणूस बघतो तसा तो बघत होता. "हां," तो म्हणाला. "नाई उघडली का." आणि खुर्ची नीट टेबलाला लावून तो मागच्या दारानं बाहेर गेला. मंजू उभी राहिली. तिला गोड वाटत होतं. ते गोड जिभेच्या मुळापासून पोटापर्यंत उतरत होतं, आणि ते खरं होतं, त्यात कुठं बुरशी नव्हती.

भटारखान्यात प्रियदर्शनीनं तिचा दंड धरला. "थे काय व्हतं मंजू?"

"गंमत होती ताई. तुम्हीच म्हणालात..."

"मले नको शिकवू. वांगे इकताना मानसाचे तोंडं पाहून पाहून म्हातारी झाली मी. त्या मानसाचा जीव काढला तू. तुह्यं त्याचं काई असन, थे तुह्या घरी. माह्या घरी पाव्हना व्हता थो. माह्या हातानं काहून करवलं हे?"

"सांगितलं असतं तर तुम्ही करू दिलं नसतं."

"नसतंच देलं." प्रियदर्शनीनं दंड सोडला. "काढ त्याची बाटली. पाव्हन्याईले दे. जे व्हाचं थे खऱ्यानं होऊ दे."

गुळाच्या डब्यांमागून मंजूनं बाटली काढली. बुच ओढलं. पाहुण्यांना देण्याआधी चाखणं हे तिचं काम होतं, म्हणून एका घोटाएवढी तिनं ग्लासात घेतली. थुंकायचं भांडंही जवळ ओढून ठेवलं. वास वर आला आणि तिचा हात ओट्यावर टेकला. कवठ होतं. जांभळाची साल होती. मागं, खूप मागं, बिब्ब्याची फुलं होती. तिनं नाशिकला रविवारच्या एका दुपारी द्राक्षांच्या बांधावर बसून त्याला सांगितलं होतं की मला कधी स्वतःची करता आली तर मी अशी अशी करीन. आणि ती ही होती. तिनं मनात धरली होती त्यापेक्षाही चांगली होती. तोंडात घेतली आणि ती थुंकायची विसरली. तिनं प्रसेनजितला हाक मारली नाही. कुणालाही हुंगायला दिली नाही. मग बाटली प्रियदर्शनीच्या हातात देऊन ती आपला ग्लास घेऊन मागच्या दारानं बाहेर गेली.

वीरेंद्र पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसला होता. समोर हरभरा घाट्यांवर आला होता, पलीकडे रस्त्यावरून गाड्या जात होत्या. तिला पाहून तो सरकला नाही.

"कधी समजलं तुले?" त्यानं विचारलं.

"दूध करपलं तेव्हा."

"दूध करपलं व्हतं व्हय." तो थोडा हसला. "मी समजलो, थे बाई कायले बोंबलून राह्यली." मग तो हरभऱ्याकडे बघत बोलत राहिला. करोना झाला तेव्हा वास गेला, तो परत आलाच नाही. डॉक्टर झाले, तेलं झाली, नाकात काय काय घालून झालं. मायच्या लुगड्याचा वास गेला, ढेपेचा गेला, माय वारली तेव्हा चितेचासुद्धा आला नाही. कंपनीला कळण्याआधी त्यानं कंपनी सोडली. आता प्रयोगशाळेच्या आकड्यांवर वाईन मिसळतो, आणि हाताखाली एक मुलगी आहे, तिच्या तोंडाकडे बघतो. "तुह्यं बोलनं ध्यानात व्हतं सारं. कवठ अन् जांभूळ अन् थे बिब्बे. त्याच्यावरून करत गेलो. चाचपत." त्याची नजर तिच्या हातातल्या ग्लासावर गेली आणि तिथंच अडकली. "माहीच आहे का थे?"

"हो."

"कशी आहे?" आणि ती बोलायच्या आत तो घाईघाईनं म्हणाला, "लोक चांगली म्हनतात. लोक काईबी म्हनतात. म्या तं कधी चाखलीच नाई ना मंजू. तू सांग. तू सांगशीन थे खरं."

"चांगली आहे," ती म्हणाली.

त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नाकपुड्या, पापण्या, ओठाचा कोपरा. अर्ध्या तासापूर्वी जिथं त्यानं सगळं वाचलं होतं तिथं तो पुन्हा वाचू लागला, आणि वाचता वाचता त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तिनं काही लपवलं नव्हतं. तिनं अजून एक घोट घेतला. "खूप चांगली आहे. मी चाखलेल्यांत अशी नव्हती."

"खरं सांगून राह्यली?"

"खरं."

"गुलाबकाकाची आन घेऊन सांग."

बापाची आन तिनं घेतली असती तर त्यानं विश्वास ठेवला असता. दोघांनाही ते माहीत होतं. रस्त्यावरून एक जीप हॉर्न वाजवत गेली. ग्लासातली उरलेली वाईन उन्हात लालभडक दिसत होती आणि तिचा वास तिच्याभोवती दाट झाला होता, कवठाचा, सालीचा, तिचा स्वतःचा. तिनं आन घेतली नाही. तो वाट बघत होता. मग त्याचे खांदे आपोआप खाली आले.

दार उघडून प्रियदर्शनी बाहेर आली. तिच्या हातात ग्लास होता, चेहरा फुलून आला होता. "सर," ती म्हणाली, "डॉक्टर तं दुसरा मांगून राह्यले. इंजिनिअरसाहेब म्हनतात असी त्याईनं तिकडंबी नाई पेली. झालं माह्यं. तुमचीच ठेवतो मी. तीच अन् फक्त तीच."

वीरेंद्र कठड्यावरून उठला. पँटची धूळ झटकली. "ताई," तो म्हणाला, "दया नका करू माह्यावर. झालं थे झालं. मी जातो."

"दया? कायची दया?" प्रियदर्शनी बावरून दोघांकडे बघू लागली. "अवं मंजू, सांग ना याईले. तू पेली ना? सांग ना!"

"मी सांगितलं," मंजू म्हणाली. "दोनदा सांगितलं."